आईंचं खातं बंद करताना

आई, तेरावं झालं, पाहुणे गेले, माधव ऑफिसला निघून गेला, आणि मी समोरच्या खोलीत तुमच्या मशीनपुढे बसले. त्या कॉम्प्युटरवरचं तुमचं खातं काढून टाकायचं होतं. एका ओळीचं काम. आज्ञा टाइप केली, एंटर दाबलं, तर मशीनने साफ नकार दिला. 'आई' या नावाने कोणीतरी आत्ता आत काम करतंय, म्हणून हे खातं काढता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

हार घातलेला तुमचा फोटो वर भिंतीलाच होता. खोटं कशाला बोलू, मान वर करून बघितलंसुद्धा मी.

मग माझ्यातली नोकरदार बाई जागी झाली. संगणकांची राखण करण्याचा पगार घेते मी. तुमच्या नावाने आत कोणी असेल, तर तो बाहेरून आलेला परका माणूस. आणि त्या मशीनमध्ये काय आहे? अख्ख्या हैदराबादेतल्या मराठी घरांची लग्नाची मुलंमुली. त्यांचे पत्ते, पगार, पत्रिका, मोडलेली लग्नं, सगळं. अशा वेळी आधी हाकलायचं आणि मग विचार करायचा, हे मी नव्या पोरांना शिकवते. तरी मी त्याला हाकललं नाही. तुमच्या खात्यावरून तुमचीमाझी जी भांडणं झाली होती, ती सगळी एकदम आठवली आणि हात थांबला.

लग्न होऊन नारायणगुड्याच्या या घरात आले, तेव्हा माहीत होतं की सासूबाई वधूवर सूचक केंद्र चालवतात. माझं स्थळही त्यातूनच आलेलं. पुण्यातली केंद्रं मी पाहिली होती, फी भरा, पावती घ्या, फोटो चाळा. तुमच्याकडे फी नाही की पाटी नाही. एक दिवाण, दोन खुर्च्या आणि चहा. तुम्ही उदगीरकडच्या, वाढलेल्या गौलीगुड्यात, तुमची मराठी पहिलं वर्षभर मला निम्मीच कळायची. "काय करूलालीस गं?" असं तुम्ही स्वयंपाकघरातून विचारलंत की मी आधी मनात भाषांतर करायची आणि मग उत्तर द्यायची. तोवर तुम्ही स्वतःच येऊन बघून जायचात.

तुमचा जुना कॉम्प्युटर एक दिवस बसला. कुणीतरी चोरीची प्रणाली फुकटात टाकून दिली होती, तिला व्हायरस लागला. मी पेनड्राइव्ह घेऊन लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकायला बसले. तुम्ही शेजारी शेंगा फोडत.

"हे कितीला?" तुम्ही विचारलंत.

"फुकट आहे, आई."

"आता गं! फुकट कोण देतं?"

मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की जगभरची माणसं मिळून हे तयार करतात, आतलं काहीही झाकून ठेवत नाहीत, ज्याला हवं त्याने न्यावं, काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करून परत द्यावं. तुम्ही दाणे पाखडत सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हौ, मग बरोबर आहे. आपल्यासारखेच रिकामटेकडे दिसतेत."

पुढे पडद्यावर प्रश्न आला, डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का. मी हो दाबणार, तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. "आधी सगळ्यांना बाजूला बसव." मी म्हटलं, बसवलंय, सगळ्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर घेतल्यात. "दाखव." दाखवलं. चष्मा लावून तुम्ही नावं वरपासून खालपर्यंत वाचलीत. कुणाचं नाव आलं की "हिचं झालं, निजामाबादला दिली," "हा अजून तसाच आहे," असं चाललेलं. शेंगा संपल्या, चहा झाला, तेव्हा कुठे म्हणालात, "हं, आता पूस."

त्या नोंदींतला 'शेरा' हा रकाना हे तुमचं खरं काम होतं. लोक माहितीचा कागद देऊन जायचे आणि तुम्ही त्याखाली आपलं मत लिहायचात. "मुलगा सालस. प्रश्न त्याला विचारला की उत्तर आई देते." "वडील चहा बशीत ओतून पितात, माणूस मोकळा." "मुलगी हसते छान, पण भावाला घाबरते, का ते बघणे." सगळा मजकूर नव्या डेटाबेसमध्ये भरताना माझीच नोंद पुढे आली. तुम्ही शेजारीच होतात. शेरा होता: "पुण्याची. बोलते कमी, ऐकते त्याहून कमी. माधवला चालेल." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "मग? खोटं आहे का?" आणि आपण दोघी इतक्या हसलो, की माधव आतून विचारायला आला.

भांडण सुरू झालं ते दूरच्या दारावरून. डेटाबेस मुळात फक्त आपल्याच मशीनचं ऐकतो, बाहेरून कुणी हाक मारली तर ओ देत नाही. त्याला बाहेरचं ऐकायला लावायचं तर एक ओळ बदलावी लागते आणि भिंतीत एक दार ठेवावं लागतं. मला ते दार सगळ्यांसाठी उघडायचं होतं. प्रत्येकाला आपलं खातं, आपला परवलीचा शब्द, घरी बसून स्थळं बघा. मियापूरहून, कोंपल्लीहून कोण येणार आहे आई आता नारायणगुड्याला, रस्त्यात दीड तास घालवून? तुमचं उत्तर ठरलेलं. "येतील ते येतील. घरात आल्यावर माणूस चप्पल कुठं काढतो, हे तुझं मशीन बघतं का?"

"म्हणून काय लग्नं अडवून ठेवायची?"

"मी अडवूलाले का? मी बघूलाले."

या वाक्यावर मी दर वेळी उठून जायची.

पुढे तुम्ही न्हाणीघरात पडलात, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि कोंपल्लीला वन्संकडे महिनोन्महिने राहिलात. तेव्हा ते दार उघडावंच लागलं, पण दोघींपुरतं, तुमच्यामाझ्यापुरतं. कोंपल्लीच्या पलंगावरून तुम्ही नारायणगुड्याच्या मशीनमध्ये शिरायला शिकलात. शब्दाऐवजी किल्लीची फाइल करून देते म्हटलं, ती जास्त सुरक्षित असते. तुम्ही हट्टाने नको म्हणालात, शब्दच बरा म्हणे. आणि हा शब्द कुणालाही सांगायचा नाही, माधवलाही नाही, असं मी बजावलं तेव्हा तुम्ही लगेच "हौ, हौ" म्हणालात. इतक्या पटकन तुम्ही कधी माझं ऐकत नव्हतात. तेव्हाच संशय यायला हवा होता.

तुम्ही परतलात त्या सुमारास, घरी येऊन नोंदी भरायला मदत करणारे देवरेकाका वारले आणि मी त्याच दुपारी त्यांचं खातं बंद केलं. किती चिडलात! "माणूस अजून घरात ठेवलेला आहे आणि तू त्याचं नाव काढलंस?" मी म्हटलं, आमच्याकडे राजीनामा दिलेला माणूस लिफ्टपर्यंत पोचायच्या आत खातं बंद होतं. नियम म्हणजे नियम. तुम्ही चार दिवस माझ्याशी भाजीमिठापुरतं बोललात. माझं म्हणणं आजही तेच आहे, आई. फक्त तुमच्या वेळी मी तेराव्यापर्यंत थांबले. तेवढं तुमचं ऐकलं.

आणि शेवटचा तो हॉस्पिटलमधला प्रश्न. "मुग्धा, माझ्यामागं हे कोण बघणार गं?" मशीन बघणारी तर मी होतेच. तुम्ही माणसांबद्दल विचारत होतात. मी उशी सारखी केली आणि "आधी घरी तर चला, मग बघू" म्हणाले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. पुन्हा विचारलं असतंत तरी मी काय म्हणाले असते, देव जाणे. मला माणसांच्या घरात डोकावायला आवडत नाही. माझा सारा जन्म दारं नीट बंद आहेत ना, ते तपासण्यात गेलेला.

तर त्या सकाळी आत कोण शिरलंय ते मी बघत बसले. चोर म्हणावं तर हा फारच सावकाश. एक नोंद उघडायचा, बराच वेळ थांबायचा, मग पुढची. सगळी मुलांची स्थळं, तिशीच्या पुढची. मधेच मागे जाऊन एकच नोंद परत उघडायचा. काही उतरवून घेत नव्हता, काही बदलत नव्हता. लिनक्समध्ये आत असलेल्या माणसाच्या पडद्यावर थेट निरोप पाठवता येतो. मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, "कोण आहे?"

पलीकडे सगळं थांबलं. आणि मिनिटाभरात तुमचा फोन वाजला. इतके दिवस तो बंद होता. माधवला त्यातले फोटो हवे होते म्हणून मी सकाळीच चार्जिंगला लावला होता. नाव आलं, 'व्यंकटराव तारनाका'.

"ताई, मीच आहे, मी!" म्हातारा, घाबरलेला आवाज. "काही दाबलो नाही हो. बघूलालो फक्त. तुम्ही एकदम कोण म्हणून विचारलात, जीवच गेला माझा. किती दिवस फोन लावूलालो, बंदच येऊलाला."

"मी त्यांची सून बोलतेय. मुग्धा."

"हां, हां, पुण्याच्या. ऐकत नाहीत त्या." म्हणजे शेरेसुद्धा वाचून झाले होते साहेबांचे. "जरा ताईंना द्या की."

इतक्या लोकांना फोन करून मी ते वाक्य सांगितलं होतं, आई. नातेवाइकांना, मराठी मंडळाच्या लोकांना, तुमच्या गौलीगुड्याच्या मैत्रिणींना. त्यांनाही तेच म्हटलं, "काका, आई गेल्या."

"पण आत्ता तर..." ते म्हणाले. मग अगदी हळू, "अय्यो. अय्यो, ताई." कामाच्या रेट्यात इतके दिवस मला रडायला झालं नव्हतं. कधी न पाहिलेल्या माणसाबरोबर फोनवर रडले.

मग एकेक बाहेर आलं. व्यंकटरावांची बायको लक्ष्मीबाई, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. मुलगी सरिता दिवसभर नोकरीवर, त्यामुळे यांना घर सोडता येत नाही. तुम्ही पडायच्या आधी एकदा स्वतः तारनाक्याला जाऊन त्यांचं घर बघून आला होतात. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर काही चालेना, म्हणून ओळखीच्या ऑटोवाल्याच्या हाती माझा पेनड्राइव्ह धाडलात. मी घरभर शोधत होते तो! आणि कोंपल्लीच्या पलंगावरून फोनवर सांगून सांगून त्यांच्याकडून लिनक्स टाकून घेतलंत. "ताई म्हणायच्या, हल्लू हल्लू वाचा, मगच दाबा. पुसायचं विचारलं तेव्हा दोनदा माझ्याकडनं वदवून घेतल्या, की फोटो बाजूला काढलात ना म्हणून." शेवटी फोनवरच तुमचा शब्द त्यांना सांगितलात. किल्लीची फाइल नको का म्हणालात, ते तेव्हा कळलं. फाइल पाठवायची म्हणजे मला विचारावं लागलं असतं.

असे व्यंकटराव एकटे नव्हते. मी मागचे सगळे दिवस तपासले, तुमच्या फोनमधल्या नंबरांवर फोन करून विचारलं. चार-पाच घरं होती, सगळी अडलेली, सगळी तुम्ही एकदा तरी जाऊन बघितलेली. आई, काय म्हणू मी तुम्हाला? संगणक-सुरक्षेत ज्याला सगळ्यात मोठा गुन्हा म्हणतात, तो तुम्ही मजेत, फोनवर, शेंगा फोडत केलात. माझी चिडचिड इतकी झाली, की तुम्ही असतात तर दोन दिवस बोलले नसते. आणि तुम्ही नाही, म्हणून दिवसभर बोलतच होते तुमच्याशी, ओट्याजवळ, भांडी लावताना, माधव बिचारा घाबरून बघत होता.

"मग हे आता बंद होणार का?" व्यंकटरावांनी विचारलं होतं.

"गेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवता येत नाही, काका."

"बरोबर आहे," ते म्हणाले. वाद घातला असता तर सोपं झालं असतं. "आमचं काय, आम्ही बघूलालो नुसतं. बघितलं की सरीच्या मायला वाचून दाखवतो. ती म्हणती, हा नको, हा चालेल. तेवढाच तिचा वेळ जातो."

मी म्हटलं, रविवारी येते.

तारनाक्याला तळमजल्यावर घर. मी चप्पल दाराबाहेर काढली आणि तिथे बाकीच्या चपला कशा लावल्यात ते बघितलं. बघितल्यावर माझं मलाच हसू आलं. सरिता पस्तिशीची असेल. दार उघडताच म्हणाली, "मॅडम, बाबांचं काही मनावर घेऊ नका. टाइमपास आहे त्यांचा." तेवढ्यात आतून आवाज आला तशी ती गेली, आईला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, केस मागे केले आणि परत येऊन आपलं वाक्य तिथूनच पुढे चालू केलं. हाताला सवय होती, कपाळाला आठी नव्हती. व्यंकटराव चहा करायला गेले, तर "साखर कमी" म्हणून तिने त्यांना इथूनच दरडावलं. त्यांनी मला खूण करून चमचाभर जास्तच घातली.

त्यांच्या लॅपटॉपवरून मी आपल्या मशीनमध्ये शिरले आणि व्यंकटरावांच्या नावाचं वेगळं खातं उघडलं. स्थळं वाचता येतील, शेरे दिसणार नाहीत. त्यांचा चेहरा पडला. "शेरेच तर छान होते," म्हणाले. बाकीच्या त्या घरांनाही अशीच खाती करून देणार आहे, एकेकाच्या घरी जाऊन. हळूहळू सगळ्यांनाच देणार. तुम्हाला हे पटायचं नाही, माहीत आहे. मलाही तुमचं सगळं पटलेलं नाही. यावरचं आपलं भांडण अर्धं राहिलं, आणि मला ते तुमच्याशीच करायचं होतं, दुसऱ्या कुणाशी त्यात मजा नाही.

मग तुमचं खातं काढायची ओळ टाइप केली. या खेपेला आत कोणी नव्हतं. एंटर दाबलं. काम नीट झालं की हे मशीन काही बोलत नाही. खाली नुसती पुढची रिकामी ओळ आली. मला वाटलं होतं, निदान काहीतरी म्हणेल.

"ताईंनी लिहिलेलं सगळं गेलं का?" सरिताने विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला होता.

"नाही. लिहिलेलं राहतं. मालकाच्या जागी नाव होतं, तिथे आता आकडा दिसतो." मी तिला दाखवलं. तुमच्या फायलींची लांब रांग, आणि प्रत्येकीपुढे 'आई'ऐवजी एक कोरडा आकडा. मी रोज असे आकडे बघते. त्या दिवशी बघवेना.

"आकडा नक्को बाबा," व्यंकटराव मागून म्हणाले. "कुणाचं तरी नाव घाला तिथं."

कुणाचं घालणार? मंडळाचं घालता आलं असतं. मंडळाचे लोक मागतच होते, सगळं आमच्याकडे द्या, एखाद्या ॲपवर टाकून देऊ म्हणून. मग मी माझं नाव टाइप केलं. एका आज्ञेत सगळी रांग माझ्या नावावर झाली.

आतल्या खोलीतून लक्ष्मीबाईंनी काहीतरी विचारलं. पक्षाघाताने जीभ जड झालेली, मला नीट कळलं नाही. सरिता म्हणाली, "आई विचारूलाली, ताई तर गेल्या. मग आता हे कोण बघणार?"

तुमचाच प्रश्न होता, आई. शब्दसुद्धा तेच. आणि या वेळी सारखी करायला हाताशी उशी नव्हती.

"मी," म्हटलं. "मी बघणार."

जरा मोठ्यानेच म्हटलं. आतपर्यंत ऐकू जायला हवं होतं.